साताऱ्याचा घाट आणि मुंबईचे ४२ किलोमीटर: चढ-उतार पळून मॅरेथॉनला नेमकं काय मिळतं?

पावसाळा सरत आला की आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, साताऱ्याच्या घाटातल्या शर्यतीचा: "यंदा सातारा करतोयस का?" दुसरा, मुंबईच्या मॅरेथॉनचा, जरा चाचरत येतो: "जानेवारीत मुंबई फुल करायचीय. मग आत्ता घाट पळण्याचा उपयोग होतो, की उगाच पायांची वाट लावून घ्यायची?"

या दुसऱ्या प्रश्नाला मिळणारी उत्तरं दोन टोकांची असतात. एक जण सांगतो, घाट पळलास की मुंबई काहीच नाही. दुसरा बजावतो, मुंबई सपाट आहे, सपाटच पळ, घाटात गुडघे जातात. दोघंही अनुभवाने बोलतात आणि दोघांच्याही बोलण्यात अर्धं खरं असतं. बिचारा नवीन माणूस मात्र मध्येच लटकतो. त्याच्यासाठी हा लेख आहे. मी पंधरा वर्षं पळतोय, त्यातली पहिली काही वर्षं हा विषय चुकीचा समजून पळलो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: आपण चढाचा सराव मनापासून करतो आणि उतार फुकटात मिळाला असं समजतो. मॅरेथॉनच्या दृष्टीने खरी शिकवणी उतारावर असते, आणि खरा धोकाही तिथेच असतो.

आधी थोडी ओळख

फुल मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. हा विचित्र आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधून आला आणि पुढे तोच कायम झाला. हाफ म्हणजे त्याच्या निम्मं, २१ किलोमीटरच्या किंचित वर. मुंबईची मॅरेथॉन २००४ पासून होते, जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी. महाराष्ट्रात फुलची तयारी करणाऱ्या बहुतेकांचं कॅलेंडर त्या रविवारपासून उलटं मोजलं जातं.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासूनची. सातारच्याच पळणाऱ्या मंडळींनी उभी केलेली ही शर्यत. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढत कासच्या रस्त्याला लागायचं आणि वळून त्याच रस्त्याने खाली यायचं. म्हणजे ढोबळ मानाने अर्धी शर्यत चढ, अर्धी उतार. कासचं पठार त्याच २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आलं. शर्यतीच्या दिवसांत डोंगर हिरवागार असतो, ढग रस्त्यावर उतरलेले असतात, आणि सातारकर घराबाहेर येऊन अनोळखी माणसालाही नावाने ओळखत असल्यासारखं ओरडून बळ देतात. मला ही शर्यत फार प्रिय आहे. प्रिय आहे म्हणूनच ती तयारीत कुठे बसते आणि कुठे बसत नाही, हे नीट सांगावंसं वाटतं.

डोंगरातल्या शर्यती ही काही आपली एकट्याची गोष्ट नाही. स्कॉटलंडमध्ये आणि उत्तर इंग्लंडमध्ये गावोगावच्या क्लबांच्या अशा शर्यती शंभराहून जास्त वर्षं चालत आल्या आहेत. तिथे रस्ता नसतोच, गवत आणि दगडांतून सरळ माथ्यावर जायचं आणि खाली यायचं. बेन नेव्हिस या ब्रिटनमधल्या सर्वांत उंच डोंगरावरची शर्यत साधारण १४ किलोमीटरची, पण चढण १,३०० मीटरहून जास्त. तिथली मंडळी शर्यत किती किलोमीटरची यापेक्षा किलोमीटरमागे किती मीटर चढ आहे, हे आधी विचारतात. ही सवय आपणही लावून घ्यावी. "२१ किलोमीटर" एवढ्याने घाटातल्या शर्यतीबद्दल काहीच कळत नाही.

चढ किती महाग, उतार किती स्वस्त?

आता थोडं गणित, पण किराणा दुकानाच्या हिशोबाइतकं सोपं.

सपाटीवर पळताना माणूस वजनाच्या दर किलोमागे, दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी खर्च करतो. ६० किलोचा माणूस एक किलोमीटर पळला की ६० कॅलरी. हळू पळा किंवा जोरात, किलोमीटरचा भाव फारसा बदलत नाही.

चढ लागला की भाव वाढतो. चढ टक्क्यांत मोजतात: १०० मीटर पुढे गेल्यावर ५ मीटर वर आलात तर ५ टक्के. आपले डांबरी घाटरस्ते बहुतेक ठिकाणी ५ ते ७ टक्क्यांत ठेवायचा प्रयत्न असतो, कारण भरलेला ट्रक चढला पाहिजे. वळणांवर आणि जुन्या टप्प्यांवर तो जास्त तीव्र असतो. संशोधक आल्बेर्तो मिनेत्ती आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये डोंगरात पळणाऱ्या खेळाडूंना वेगवेगळ्या चढ-उतारांच्या ट्रेडमिलवर पळवून हा खर्च मोजला. त्यांच्या सूत्राने ५ टक्के चढावर खर्च सपाटीपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो आणि ५ टक्के उतारावर सुमारे २४ टक्क्यांनी घटतो. १० टक्क्यांवर हेच आकडे सुमारे ६५ टक्के जास्त आणि ४० टक्के कमी असे होतात.

सपाटीचा एक किलोमीटर १०० रुपयांना धरा. ५ टक्क्यांचा एक चढ आणि एक उतार मिळून साधारण २०६ रुपये, म्हणजे सपाटीच्या २०० पेक्षा जेमतेम सहा जास्त. १० टक्क्यांचे मिळून २२५. म्हणून सिंहगडाची पायवाट आणि यवतेश्वरचा रस्ता यांना एकाच मापाने मोजू नये. तीव्र चढ खिसा फार वेगाने रिकामा करतो.

पण मग प्रश्न पडतो. जर ५ टक्क्यांच्या घाटात जाऊन-येऊन एवढाच जास्त खर्च, तर साताऱ्यात सगळ्यांची वेळ सपाट हाफपेक्षा इतकी का वाढते?

इथेच खरी मेख आहे. समजा तुम्ही सपाटीवर किलोमीटरला सहा मिनिटांच्या वेगाने, म्हणजे सहाच्या पेसने पळता. तेवढाच दम लावून ५ टक्के चढलात तर किलोमीटरला सात मिनिटं पन्नास सेकंद लागतील. ते जमतं, त्यात काही विशेष नाही. पण उतारावरही तेवढाच दम लावून ही उधारी वसूल करायची, तर तुम्हाला परतीचा प्रत्येक किलोमीटर साडेचार मिनिटांच्या आसपास पळावा लागेल. फुप्फुसं त्याला तयार असतात, श्वासही लागत नाही. पायच तयार नसतात. सहाच्या पेसचा माणूस साडेचारने दहा किलोमीटर घाट उतरू शकत नाही, आणि हट्टाने उतरलाच तर पुढचा आठवडा जिना बघून त्याला घाम फुटेल.

म्हणजे चढावर आपल्याला अडवतं ते इंजिन, उतारावर अडवतात ती चाकं आणि ब्रेक. घाटाच्या एकाच शर्यतीत शरीराच्या दोन वेगवेगळ्या मर्यादा तपासल्या जातात.

चढावर काय घडतं

एसटी घाटाला लागली की ड्रायव्हर गिअर उतरवतो. इंजिनाचा आवाज वाढतो, वेग कमी होतो, पण गाडी चढत राहते. पळणाऱ्यानेही तेच करायचं असतं. पावलं आखूड करायची, ती पडण्याचा ठेका मात्र सोडायचा नाही. कमरेत वाकायचं नाही. अंग घोट्यापासून किंचित पुढे झुकवायचं. आणि घड्याळातल्या पेसकडे बघायचंच नाही. चढावर पेस बघणं म्हणजे एसटीने घाटात हायवेचा वेग धरायचा हट्ट करणं. सोपी कसोटी अशी: सोबतच्या माणसाशी एक पूर्ण वाक्य बोलता येतंय का? लांब चढावर ते यायला हवं.

चढाने हृदयाला आणि श्वासाला भरपूर काम मिळतं, तेही कमी वेगात. पोटऱ्या, मांडीचा मागचा भाग आणि नितंबाचे स्नायू यांना प्रत्येक पावलाला शरीर वर उचलावं लागतं, म्हणजे जिममध्ये न जाता वजन उचलल्यासारखंच. शिवाय जमीन वर येऊन पायाला भेटते, त्यामुळे पाऊल आदळत नाही.

या गोष्टीचा सर्वांत गाजलेला दाखला न्यूझीलंडचा आहे. आर्थर लिडियार्ड हे तिथले प्रशिक्षक. ते आपल्या सगळ्या पोरांना ऑकलंडजवळच्या वाइटाकेरे डोंगरांतल्या सुमारे ३५ किलोमीटरच्या चढ-उताराच्या फेरीवर न्यायचे. सगळ्यांना म्हणजे खरोखर सगळ्यांना, ८०० मीटर पळणाऱ्यालाही. लांब पल्ल्याचा पाया झाला की काही आठवडे फक्त टेकडीवरची कामं, आणि मग ट्रॅकवरचा वेग, असा त्यांचा क्रम असे. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या पीटर स्नेलने ८०० मीटरचं आणि मरे हॅलबर्गने ५,००० मीटरचं सुवर्ण एकाच दुपारी, तासाभराच्या अंतराने जिंकलं. बॅरी मॅगी मॅरेथॉनमध्ये तिसरा आला. त्यातला टेकडीचा वाटा किती आणि पायाभरणीचा किती, हे वेगळं काढता येणार नाही. पण क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे: आधी पाया, मग टेकडी, मग वेग. आपल्याकडे अनेक जण टेकडीपासूनच सुरुवात करतात आणि दोन महिन्यांत पोटरी धरून बसतात.

उतार: विहिरीत सोडलेली बादली

भरलेली बादली विहिरीतून ओढून काढताना दंडाचा स्नायू आखडतो आणि ओझं वर येतं. हे सरळ आहे. आता तीच भरलेली बादली हळूहळू खाली सोडायची आहे, धाडकन नाही. आता तोच स्नायू ओझं धरून आहे, पण धरता धरता लांब होतोय. ताणलेल्या अवस्थेत ब्रेक लावतोय. या कामाला दम कमी लागतो, पण स्नायूच्या धाग्यांवर ओढ जास्त बसते.

उतारावर मांडीचा पुढचा स्नायू प्रत्येक पावलाला हेच करतो. पाऊल टेकलं की गुडघा वाकतो आणि सगळं वजन त्या लांब होणाऱ्या स्नायूवर तोललं जातं. किलोमीटरमागे हजारच्या आसपास पावलं धरा, दहा किलोमीटर घाट धरा. त्यातून धाग्यांना बारीक बारीक इजा होते आणि एक-दोन दिवसांनी मांड्या भरून येतात. हे दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जातं. "लॅक्टिक अ‍ॅसिड साठलं" असं आपल्याकडे सर्रास म्हणतात, मसाजवालेही म्हणतात. ते खरं नाही. लॅक्टिक अ‍ॅसिड पळणं थांबल्यावर तासाभरात निघून गेलेलं असतं. परवाच्या दुखण्याचं खापर त्याच्यावर फोडता येत नाही.

धडकेचंही असंच. अमेरिकेत २००५ साली मोजलेल्या एका प्रयोगात ९ अंशांच्या उतारावर पाऊल आदळण्याचं बल सपाटीपेक्षा ५४ टक्क्यांनी आणि पावलामागे ब्रेक लागण्याचं बल ७३ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. ९ अंश म्हणजे जवळपास १६ टक्के, आपल्या घाटरस्त्यापेक्षा खूपच तीव्र. पण दिशा तीच.

माझ्या पहिल्या साताऱ्याला मी वर पोचलो तेव्हा खूप ताजातवाना होतो. खाली येताना पाय आपोआप सुटले, माणसं मागे पडत गेली आणि मला वाटलं, हेच तर आपलं बलस्थान. शेवटच्या तीन किलोमीटरला मांड्यांनी ऐकणं बंद केलं. त्यानंतरचे चार दिवस मी घरातला जिना उलटा उतरत होतो. त्याहून वाईट म्हणजे, पुढच्याच रविवारी ठरल्याप्रमाणे २८ किलोमीटरचा लाँग रन करायला गेलो. दुखरी मांडी सांभाळत पळताना चाल बदलली आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला जे दुखायला लागलं, ते नोव्हेंबर संपेपर्यंत राहिलं. त्या वर्षी मुंबई हुकली. मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. क्लबातल्या एका ज्येष्ठ काकूंनी आदल्या दिवशी स्पष्ट बजावलं होतं, "वर जाताना जेवढं जपतोस, त्याच्या दुप्पट येताना जप." मला तो वयाचा सल्ला वाटला होता.

पण या दुखण्यातच फायदा दडलेला आहे

सुट्टीत गावी गेल्यावर पहिल्या दिवशी कुदळ धरली की हाताला फोड येतात. आठवडाभराने तेच काम केलं तर येत नाहीत. स्नायूंचंही तसंच होतं. एकदा उताराचा मार बसला आणि स्नायू भरून आला, की पुढच्या वेळी तेवढ्याच उताराने तेवढी इजा होत नाही. हे संरक्षण एका बैठकीतूनही मिळतं आणि काही आठवडे टिकतं. आणि ते मिळवायला घरातल्या जिन्याने घाम फुटेपर्यंत पळायची गरज नसते, थोडासा मारही पुरतो.

आता हे सपाट मॅरेथॉनला जोडून बघा. सपाटीवरसुद्धा प्रत्येक पाऊल टेकताना मांडी थोडा ब्रेक लावतेच. ४२ किलोमीटरमध्ये अशी चाळीस हजारांच्या आसपास पावलं पडतात. शेवटच्या दहा किलोमीटरला दम शाबूत असूनही पाय उचलत नाहीत, असं अनेकांना होतं. त्यात शरीरातल्या इंधनाचा भाग असतो तसाच या झिजलेल्या मांड्यांचाही. उताराची सवय असलेली मांडी ही झीज उशिरा दाखवते. मुंबईसाठी घाटाची मला सर्वांत मोलाची वाटणारी देणगी हीच.

मग पेडर रोड एवढा का छळतो?

गेली अनेक वर्षं मुंबईच्या फुलमध्ये परतीच्या वाटेवर, तिसावा किलोमीटर ओलांडल्यानंतर, पेडर रोडचा चढ येतो. यवतेश्वरच्या तुलनेत तो चढ म्हणवत नाही. सकाळी दूध आणायला जाताना कुणाला जाणवणारही नाही. तरी तिथे भलेभले चालायला लागतात.

घरातल्या पिठाच्या डब्याचं उदाहरण घेऊ. शरीरात इंधन दोन ठिकाणी असतं. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, जिला ग्लायकोजेन म्हणतात, ती दळून ठेवलेल्या पिठासारखी: काढलं की लगेच भाकरी. चरबी म्हणजे कणगीतली ज्वारी. ती वर्षभर पुरेल एवढी आहे, पण दळून आणावी लागते आणि गिरणीचा वेग ठरलेला. पिठाचा डबा मात्र लहान असतो, साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे १,६०० ते २,००० कॅलरी. ६० किलोच्या माणसाला फुलसाठी लागतात सुमारे २,५००. जोरात पळालं की शरीर जास्त करून पीठच वापरतं. डबा संपला की गिरणीच्या वेगाने चालावं लागतं. पळणारे याला "वॉल लागली" म्हणतात. ती बहुतेकांना तिसाव्या किलोमीटरच्या पुढे भेटते, आणि पेडर रोडही तिथेच कुठेतरी उभा असतो. चढाचा भाव जास्त, आणि डबा रिकामा.

अमेरिकेतल्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये याची मोठी आवृत्ती बघायला मिळते. ती शर्यत एकंदरीत उताराची आहे. सुरुवात शेवटापेक्षा सुमारे १४० मीटर उंचावर. तरीही ती सोपी मानली जात नाही. ३२ किलोमीटरनंतर हार्टब्रेक हिल नावाचा चढ येतो, चढण जेमतेम २७ मीटर. आधीच्या लांब उतारावर आनंदाने पळत सुटलेल्यांच्या मांड्या तिथे पोचेपर्यंत संपलेल्या असतात. नाव चढाला मिळालं, खरी करामत आधीच्या उताराची.

सरावाने डबा थोडा मोठा होतो आणि गिरणी बरीच वेगवान होते. पण ते काम मुख्यतः लांब, सावकाश पळण्याचं. घाटातली शर्यत ते करत नाही. म्हणून "सातारा केला की मुंबई झाली" हे म्हणणं मला पटत नाही. साताऱ्याची वेळ दुप्पट करून मुंबईची वेळ काढणंही व्यर्थ आहे.

"पण गुडघ्यांचं काय?"

ही भीती घरच्यांनाही असते आणि ती हसण्यावारी नेऊ नये. चढाने गुडघ्यावर आदळण्याचा ताण कमी होतो. तिथे जपायची ती पोटरी आणि टाचेची शीर. उताराने गुडघ्यावरचा ताण वाढतो. निरोगी गुडघा हळूहळू वाढवलेला ताण सोसायला शिकतो, एकदम दिलेला नाही. त्यामुळे ज्याने सहा महिने उतार बघितलेला नाही, त्याने थेट शर्यतीत दहा किलोमीटर घाट जोरात उतरू नये. आधीपासून दुखणं असेल, किंवा चाळिशीनंतर पहिल्यांदाच पळायला लागला असाल, तर डॉक्टरांकडे तपासणी करूनच घाटाचा विचार करा. शर्यतीच्या प्रवेशअर्जावर सही करताना तब्येतीबद्दलची ओळ वाचून सोडून देऊ नका.

उतरण्याचीही एक रीत आहे. मागे झुकून टाच रोवत उतरलं की प्रत्येक पाऊल ब्रेक बनतं. पावलं आखूड आणि झटपट टाकायची, ती शरीराच्या खालीच पडू द्यायची, हात थोडे बाहेर, नजर आठ-दहा पावलं पुढे. पावसाळी घाटात कडेला शेवाळ असतं आणि वळणावरून गाड्या येतात. शर्यतीच्या दिवशी रस्ता आपला असतो, सरावाच्या दिवशी नसतो.

"डोंगरावर हवा विरळ, त्याने रक्त वाढतं ना?"

नाही. केनियातलं इटेन हे गाव २,४०० मीटरवर आहे आणि तिथे राहून पळण्याचा परिणाम रक्तावर होतो. त्यासाठी साधारण २,००० मीटरच्या पुढची उंची आणि काही आठवड्यांचा मुक्काम लागतो. आपला सिंहगड १,३१२ मीटर, महाबळेश्वर त्याहून थोडं वर, आणि आपण तिथे असतो दोन-चार तास. सह्याद्रीतून जे मिळतं ते चढ-उतारातून मिळतं. थंड हवा आणि मन प्रसन्न होणं, हेही अर्थात मिळतं.

"चढावर चालणं म्हणजे हरणं का?"

अजिबात नाही. चढ फार तीव्र झाला की पळण्यापेक्षा भराभर चालणं स्वस्त पडतं. ब्रिटनमधले डोंगरी शर्यतींचे पट्टीचे खेळाडू तीव्र टप्प्यात मांडीवर हात टेकून चालतात. घाटरस्त्यावर पळणं शक्य असतं, पण तुमचा दम वर जात असेल तर एक मिनिट चाला. पिठाचा डबा वाचवलात तर शेवटी तोच कामाला येतो.

"आमच्याकडे डोंगरच नाही"

परभणी, नांदेडकडच्या मित्रांची ही खरी अडचण. उड्डाणपूल घ्या, पहाटे गाड्या कमी असताना. धरणाच्या भिंतीवर जायचा रस्ता घ्या, परवानगी असेल तर. इमारतीचे जिने घ्या, पण चढून लिफ्टने खाली येऊ नका. उतरणं हाच अर्धा व्यायाम आहे. ट्रेडमिलला चढ देता येतो, बहुतेक यंत्रांना उतार देता येत नाही, एवढीच तिची उणीव. मुंबईकरांना राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा रस्ता आहे, पुणेकरांना वेताळ टेकडी आहे. वेताळ टेकडीवर पळताना मला दरवेळी वाटतं, शहराच्या मधोमध अशी जागा उरली आहे हे आपलं केवढं भाग्य, आणि ती तशीच राहिली पाहिजे.

क्लबचा फायदा, आणि एक धोका

घाट एकट्याने करू नये. पहाटे साडेपाचला अंधारात कुणीतरी पुढे-मागे असणं, वरच्या वळणावर कुणीतरी स्कूटरवर पाणी आणि केळी घेऊन थांबलेलं असणं, पाय मुरगळला तर खाली आणणारं कुणी असणं, हे क्लबमुळे होतं. वर्षातून दोनदा त्याच टेकडीवर क्लबातल्या क्लबात वेळ लावून पळालं तर आपली प्रगतीही नेमकी दिसते. रस्त्यावरच्या शर्यतींत ऊन, गर्दी, मार्ग सगळं बदलतं. टेकडी मात्र तीच राहते.

धोका असा की दर रविवारची टेकडी हळूहळू शर्यत होते. कुणी बोलून दाखवत नाही, पण अमुक पुढे गेला की आपणही सुटतो. आठवड्यातलं बहुतेक पळणं गप्पा मारता येतील एवढ्या सावकाश व्हायला हवं. जोराचे दिवस एक किंवा दोन, आणि घाट जोरात पळलात तर तो त्यातला एक धरायचा. आमच्या क्लबात आता महिन्यातला एकच रविवार जोराचा ठेवला आहे. बाकीच्या रविवारी सर्वांत सावकाश माणूस पुढे असतो आणि त्याला ओलांडायचं नाही.

कॅलेंडरमध्ये घाट कुठे बसवायचा?

सातारा आणि मुंबई यांच्यात साधारण साडेचार महिने मिळतात. अंतर चांगलं आहे. साताऱ्याच्या आधी सहा ते आठ आठवडे आठवड्यातून एकदा टेकडी करा. सुरुवातीला दोन-तीनशे मीटरचा चढ चार वेळा, मग सहा, मग आठ. उतरताना पहिले दोन आठवडे चालत या, नंतर सावकाश पळत, आणि शेवटच्या दोन आठवड्यांत मोकळेपणाने पळत. शर्यतीत चढ राखून पळा आणि उताराचा पहिला अर्धा भाग मुद्दाम आवरा. नंतरचा पूर्ण आठवडा फक्त चालणं आणि सावकाश पळणं, मांड्या दुखत असतील तर लाँग रन पुढे ढकला. हा आठवडा वाया गेल्यासारखा वाटतो. तो मी एकदा वाचवायला गेलो होतो, त्याचं काय झालं ते वर सांगितलंच.

ऑक्टोबरपासून मुख्य काम सपाटीवरच्या लाँग रनचं, २२ पासून हळूहळू ३०-३२ किलोमीटरपर्यंत. साताऱ्यात कमावलेलं उताराचं संरक्षण साडेचार महिने टिकत नाही. म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी एक लाँग रन चढ-उताराच्या रस्त्यावर घ्या. त्यातही एक युक्ती मला फार उपयोगी पडली: टेकडी लाँग रनच्या सुरुवातीला न ठेवता शेवटी ठेवायची. २४ किलोमीटर सपाट झाले, डबा अर्धा रिकामा झाला, मांड्या जड झाल्या, आणि मग दोन किलोमीटरचा छोटा चढ. पहिल्यांदा ते क्रूर वाटतं. दुसऱ्यांदा पावलं आपोआप आखूड होतात, खांदे सैल पडतात, आणि आपण वर पोचलेलो असतो.

जोराचा शेवटचा उतार नाताळच्या आसपास. त्यानंतर मुंबईपर्यंत तीन-चार आठवडे राहतात. तेवढ्यात मांड्या पूर्ण भरून निघतात आणि संरक्षण अजून शिल्लक असतं. जानेवारीत उतार जोरात पळू नका. टेकडीवर जावंसं वाटलंच तर चालत जा, वर थोडा वेळ बसा, आणि चालत खाली या.